रकान्यातली चौथी जागा

आमच्या नोंदणी कार्यालयात माउसला हात लावणं कमीपणाचं मानलं जाई. खोलीत सहा टेबलं, उत्तरेकडे एकच खिडकी, आणि दिवसभर कळांचा एकसुरी आवाज. रहिवाशांची पिवळी पडलेली कार्डं डाव्या हाताला ठेवायची, नजर कार्डावरून हलवायची नाही, आणि बोटांनी संगणकावरचा अर्ज भरत जायचं. हे मला बाईंनी शिकवलं. त्या निवृत्तीला आल्या होत्या. सगळे त्यांना नुसतं बाईच म्हणत. "स्क्रीनकडे कशाला बघतोस? बोटांवर भरवसा नाही का तुझा?" असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. मला माणसांशी बोलायला जमत नाही. बोटांवर भरवसा ठेवणं त्या मानाने सोपं गेलं.

अर्जाच्या शेवटी 'सद्यस्थिती' हा रकाना होता. त्यात एकाखाली एक तीन गोल: हयात, मृत, स्थलांतरित. टॅब दाबला की आपण रकान्यात शिरतो. खालच्या बाणाची कळ दाबली की एका गोलातून दुसऱ्यात उतरतो, आणि काळं टिंब आपल्याबरोबर उतरतं. तिसऱ्यानंतर पुन्हा पहिला. टिंब कधीच पुसता येत नाही. माणूस या तिघांपैकी काहीतरी असायलाच हवा. हयात म्हणायचं तर त्याला प्रत्यक्ष पाहिल्याची कोणाचीतरी सही लागे, स्थलांतरित म्हणायचं तर नवा पत्ता. दोन्ही नसलं की मृत. मग दाखला आपोआप छापला जाई आणि दुसऱ्या दिवशीच्या टपालाने घरी पोचे.

एका मंगळवारी माझ्या बोटांना मोजणीत चूक जाणवली. पहिल्या गोलापासून निघून पुन्हा पहिल्यावर यायला बाण तीनदा दाबावा लागतो. त्या दिवशी चारदा लागला. मी पुन्हा मोजलं, आणि नियम मोडून स्क्रीनकडे पाहिलं. तिसऱ्यांदा कळ दाबल्यावर तिन्ही गोल रिकामे होते. मी रकान्यातच होतो, पण कुठे, ते दिसत नव्हतं.

दुरुस्तीवाला आला. त्याने वीसेक वेळा बाण दाबला; दर वेळी तीनच. अर्ज ठणठणीत आहे, या साहेबांच्या बोटांनाच तेलपाणी करा, असं तो जाताना म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो. तो जिना उतरून गेल्यावर मी हळूच मोजलं. चार.

अशा रिकाम्या रकान्यानिशी साठवलेल्या आणखी नोंदी आहेत का, ते मी शोधलं. अकरा निघाल्या. बाईंना विचारलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पदराने बराच वेळ पुसला. तिथे बोटं थांबवायची नाहीत, एवढंच त्या म्हणाल्या.

जेवणाच्या सुट्टीत खोली ओस पडली, तेव्हा मी त्या अकरांपैकी एका सुताराच्या घरी फोन लावला. कार्डाप्रमाणे तो सोळा वर्षं बेपत्ता होता. त्याच्या मुलीने फोन उचलला.

"वडील ना? आहेत की. आतल्या खोलीत."

त्यांना फोन देता का, असं मी विचारलं. ते बोलत नाहीत, असं उत्तर आलं. केव्हापासून आहेत, यावर तिने लगेच तारीख सांगितली: गेल्या महिन्याची तीन. आमच्याकडची नोंदही त्याच तारखेची होती. तिच्या आवाजात आनंद नव्हता, भीतीही नव्हती. कोणाची झोप मोडू नये म्हणून दिवसचे दिवस हळू बोलत राहिलेल्या माणसासारखा तो आवाज झिजला होता.

गुरुवारी दुपारी गठ्ठ्यात दादाचं कार्ड आलं.

माझा थोरला भाऊ नऊ वर्षांपूर्वी सकाळी "आलोच" म्हणून बाहेर पडला, तो परतला नाही. तेव्हापासून आईने घराला कुलूप लावू दिलेलं नाही. त्याच्याकडे किल्ली नाही, म्हणते. त्यामुळे आम्ही दोघं एकत्र कुठेच गेलो नाही. तिची संध्याकाळ माझ्या वाटेकडे डोळे लावून जाई, आणि मी आलो की क्षणभर तिचा चेहरा पडे, कारण आलेला मी असे. मग ती सावरून घेई, चहा टाके, आणि दिवसभराचं सगळं मला सांगत बसे.

गठ्ठा पाचपर्यंत द्यायचा होता. सही नव्हती, पत्ता नव्हता. मृत म्हटलं, तर उद्या अकराच्या टपालाने ते पाकीट तिच्या हातात पडलं असतं, आणि मी तिथे नसतो.

टॅब दाबला.

बाण. मृत.

बाण. स्थलांतरित.

बाण. कळ नेहमीपेक्षा किंचित खोल गेली.

तिन्ही गोल रिकामे.

शेजारच्या टेबलावरच्या कळा थांबल्या होत्या. बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पुढे जा रे बाळा."

त्यांनी मला बाळ म्हणण्याची ती पहिलीच वेळ. मी नोंद तशीच साठवली.

साडेपाचला घरी पोचलो, तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. दाराला आतून कडी होती. मी वाजवलं, आईने दार थोडंसं उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. दादा आत आहे."

हे वाक्य म्हणताना तिचा चेहरा कसा दिसेल, याची कल्पना मी नऊ वर्षं करत आलो होतो. तो चेहरा तसा नव्हता. तो फक्त लक्ष देऊन काहीतरी ऐकणाऱ्याचा होता.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"बोलत नाही. मी बोलते ते ऐकतो."

ती आतल्या खोलीच्या बंद दाराला टेकवलेल्या खुर्चीवर जाऊन बसली आणि दिवसभराचं सांगू लागली: नळ पुन्हा गळतोय, समोरच्यांच्या सुनेला नोकरी लागली. रोज हे ती मला सांगत असे. चहाचं भांडं कोरडं होतं. माझ्या हातातली पिशवी तिने घेतली नाही.

मग मी पुढे झालो आणि दारावर तळहात टेकला. लाकूड खिडकीतून आलेल्या उन्हाने कोमट होतं. माझ्या हाताखाली तेवढंच गार होतं, पाच बोटांएवढं.

मी हात बाजूला सरकवला. गारवाही सरकला.