दोन अनंतांचा सांधा

मंगळावरच्या सह्यकडा अधिवासातली गणनशाळा जमिनीखाली होती. पृथ्वीवरून तीन यानांतून माणसं आली होती; त्यातल्या तिसऱ्या यानाची वंशफाईल सुलक्षणा धुमाळनं अखेर उघडली, तेव्हा डॉ. तांडेल तिच्या खुर्चीमागे उभे राहून पडद्याकडे बघत होते. ते नियामक मंडळाचे ज्येष्ठ सभासद.

“सगळा घोळ आहे,” ते म्हणाले. “हा गृहस्थ बापाच्या आधी जन्मलाय!”

“घोळ नाही. या प्रणालीत काही सालं शकाची आहेत, काही इसवीची. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की बाप आधी येतो.”

“आणि एवढ्यासाठी ही फाईल इतकी वर्षं पडून?”

“सालांचं सोपं आहे हो. माणसांचं अवघड. पहिल्या यानाची प्रणाली आडनाव ठेवतच नाही, दुसरीला आडनावाशिवाय नोंद चालत नाही. मग इकडचा गणपत आणि तिकडचा गणपत एकच की दोन? एकाचे दोन झाले तर खरं नातं लपतं. दोघांचा एक केला तर परकी माणसं भाऊबंद होऊन बसतात.”

अधिवासात हा प्रश्न जिव्हाळ्याचा होता. माणसं मोजकीच, त्यामुळे चार पिढ्यांत समान पूर्वज निघाला तर जोडप्याला ना लग्नाचा परवाना, ना मुलाचा. जनुकतपासणीला सनदेनं बंदी होती, कारण पृथ्वीवर त्या माहितीवरून माणसांची प्रतवारी झाली होती. वंशपट सांगेल तेच खरं.

सुलक्षणाची धाकटी बहीण मुक्ता आणि अधिवासप्रमुख त्र्यंबक राजाध्यक्षांचा मुलगा ऋत्विक यांचं लग्न या वंशपटानंच मोडलं होतं. धुमाळ बहिणींचे पणजोबा अनंत आणि ऋत्विकचे पणजोबा अनंत हे एकच गृहस्थ निघाले. मुक्तानं वाद घातला नाही. तिनं उत्तर ध्रुवावरच्या बर्फखाणीत बदली मागून घेतली, आणि तिथं तिच्यावर छत कोसळलं. देह आणायला राजाध्यक्षांनी वाहनही पाठवलं नाही. विनाकारण धोका नको, म्हणाले.

पुढे तिन्ही प्रणाली जोडणारा सेतू बांधायचं काम सुलक्षणाकडे आलं. जुन्या फाईली उपसताना ते दोन अनंत तिच्यासमोर आले. बायकांची नावं निराळी, मुलांची निराळी. यंत्रानं स्वच्छ ‘वेगळे’ असा निकाल दिला होता. तो खोडून कुणीतरी हातानं ‘एकच’ केलं होतं. प्रत्येक नोंदीखाली ती करणाऱ्याची सहीखूण असते. ही सहीखूण त्र्यंबक राजाध्यक्षांची होती. खाणकामगाराची पोर त्यांना सून म्हणून नको होती, एवढंच.

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. तक्रार केली असती तर राजाध्यक्षांनी ‘नजरचूक’ म्हणून ती नोंद पुसून टाकली असती. तिला ते त्यांच्याच तोंडून, चारचौघांत वदवून घ्यायचं होतं. तिनं सेतूचा कायदा लिहिला आणि त्यात एक कलम घातलं: ज्याची एक नोंद जाणूनबुजून खोटी ठरेल, त्याच्या सहीखुणेच्या सगळ्या नोंदी गळतील. राजाध्यक्षांनी ते वरवर चाळून मंजूर केलं होतं. आणि ती वाट बघत राहिली.

“अगं, थांब,” तांडेल म्हणाले. “ही केतकी कोण? हिची आजी अनंत धुमाळांची लेक दिसतेय.”

“हो. माझी लांबची बहीण लागते. आणि राजाध्यक्षांची सून.”

ही फाईल बंद होती म्हणूनच त्या लग्नाला परवाना मिळाला होता. केतकी आणि ऋत्विकचा भ्रूण शीतकक्षात होता, आठवड्याभरात रुजवायचा होता. वंशपटाच्या हिशेबानं आता दोघांचा पणजोबा एकच. सेतूनं परवाना गोठवला.

संध्याकाळी राजाध्यक्ष स्वतः गणनशाळेत आले.

“बाई, ते दोन अनंत वेगळे करा. जुनी चूक आहे.”

“करते की. पण सेतूच्या कायद्यानं, ज्यानं एक केले त्यानं मंडळासमोर सांगायचं, का केले ते.”

“मुक्ताचा सूड उगवतेस?”

“हो.”

एवढं सरळ उत्तर त्यांना अपेक्षित नव्हतं. त्यांचा आवाज खाली आला. “त्या बाळाचा काय दोष?”

“काही नाही. म्हणूनच ते तुमच्या हातात ठेवलंय. मी तुमच्या फाईलला बोटही लावलेलं नाही, साहेब. तुम्ही लिहिलंत तेच सेतू वाचतोय. गप्प बसलात तर खुर्ची राहील, नातवंड नाही.”

ते गेल्यावर सुलक्षणाला किती दिवसांनी छान भूक लागली.  

दुसऱ्या दिवशी मंडळाची सभा भरली. ऋत्विक आणि केतकी पहिल्या रांगेत होते. राजाध्यक्षांनी उभं राहून सांगितलं, “ते दोघे एक नव्हते. मला ठाऊक होतं. ते लग्न मला नको होतं.” सभेत कुजबुज उठली. 

सुलक्षणानं कबुली नोंदवली. पडद्यावर दोन अनंत अलग झाले, परवाना हिरवा झाला. केतकीला रडू फुटलं. राजाध्यक्षांनी सुटकेचा श्वास सोडला. प्रमुखपद जाणार हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

पण सेतू थांबला नव्हता. राजाध्यक्षांच्या सहीखुणेच्या नोंदी एकेक करून गळू लागल्या. यानात त्यांनी स्वतः भरलेला स्वतःचा जन्म गेला. लग्न गेलं. मग ऋत्विकच्या जन्माची नोंद गेली. पडद्यावर ऋत्विक एकटा उरला, वरच्या आईबापाच्या दोन्ही चौकटी कोऱ्या.

“हे काय? मी बाप आहे त्याचा!” राजाध्यक्ष ओरडले.

“तुमच्या शब्दावर आता नोंद होत नाही,” तांडेल म्हणाले. “ऋत्विकनं सांगितलं तर होईल.”

सगळ्यांच्या नजरा ऋत्विककडे वळल्या. तो सुलक्षणाकडे बघत होता.

“ताई, मुक्ताला कळलं होतं का? हे खोटं आहे म्हणून?”

“नाही रे. तुम्ही दोघं नात्यातले आहात असंच समजून गेली ती.”

त्यानं मान खाली घातली.  सुलक्षणानं त्याची नवी नोंद उघडून विचारलं, “वडिलांचं नाव?”

“पुढचं विचारा,” ऋत्विक म्हणाला.

“ऋत्विक!” राजाध्यक्षांनी हाक मारली. त्यानं वळून पाहिलं नाही.

“आईचं नाव?” सुलक्षणानं विचारलं.

ते त्यानं सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.