हाडावरचा घाव

"धनाजी गेला त्या आठवड्यात माझ्या कोपरावर काहीच न्हाई?" रंगरावाने तिसऱ्यांदा विचारलं.

"दोन्ही कोपरं स्वच्छ," डॉ. नलिनी हेर्लेकर म्हणाल्या.

पैलवानांचे सांधे वयाने झिजतात की माराने, याचा त्या शोध घेत होत्या. सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या कूर्चेतले तंतू जन्मभर बदलत नाहीत. जोराचा आघात बसला की ते तुटतात आणि तुटल्या जागी पेशी प्रथिनांची ठिगळं लावतात. नलिनीबाईंचं यंत्र सुईभर कूर्चेतून त्या ठिगळांचा 'रेणुलेख' काढी. कोणता आघात कधीचा, हे आठवड्याच्या फरकाने कळे. मार खाणाऱ्याचा सांधा बोले, तसाच मारणाऱ्याचाही.

एकोणीस वर्षांपूर्वी रंगरावाच्या धाकट्या भावाचं, धनाजीचं, डोकं तालमीत सोट्याने फोडलं गेलं आणि तो जागीच मेला. तालमीच्या वस्तादांनी रंगरावाविरुद्ध साक्ष दिली, त्याने चौदा वर्षं तुरुंगात काढली. त्र्याऐंशी वर्षांची आई अजून त्याच्या हातचं पाणी घेत नव्हती.

"आणि वस्तादांचं?"

नलिनीबाई घुटमळल्या. "त्यांच्या उजव्या कोपरात त्याच आठवड्यातला एक मोठा घाव आहे. पण कोर्ट विचारेल, कशावर मारलं? मातीवर, लाकडावर की हाडावर? तंतू प्रत्येक वेळी वेगळे तुटतात. त्यातही माणसागणिक फरक. जुळवून बघायला त्याच हाताने हाडावर मारलेला एक घाव हवा. तसला प्रयोग जगात कोण करू देईल?"

रंगरावाने स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "आज त्यांना बोलावलंयसा न्हवं? मी बसतो इथंच."

यशवंता वस्ताद आले ते सोट्यासकट. सोटा बाहेर ठेवा म्हणणाऱ्या शिपायाला त्यांनी "तो माझा तिसरा पाय हाय" असं सुनावलं होतं. वास्तविक पाय दोन्ही धडधाकट, दुखत होतं कोपर. कूर्चेचा नमुनाही त्यांनी तोऱ्यातच दिला होता: या हातानं किती जोड लोळवले, ते जगाला कळू दे म्हणून.

नलिनीबाईंनी त्या आठवड्याबद्दल विचारलं.

"आखाड्यातला खांब ठोकत हुतो," वस्ताद चटकन म्हणाले. एकोणीस वर्षांपूर्वीचा खांब एवढ्या पटकन कुणाला आठवत नाही.

"खांब कशाला ठोकत हुता वस्ताद?" रंगराव हसला. "धनाजीनं चितपट केलं म्हणून?"

"रंग्या, तोंड आवर."

"तिसऱ्या मिन्टाला, बाई. सरावात, सगळ्या पोरांदेखत. म्हातारं मातीत तोंड घालून रडलं. दुसऱ्या तालमीत जातो म्हणाला धनाजी, हितं शिकवायला कुणी उरलं न्हाई म्हणून."

"रंगराव, पुरे!" नलिनीबाई उठल्या.

"अजून हसत्यात पोरं. रडका वस्ताद म्हणत्यात."

सोटा उठला. रंगराव हललासुद्धा नाही. उलट त्याने उजवा पाय पुढे सरकवला. पहिल्या घावाला गुडघ्याची वाटी फुटली, तो आवाज नलिनीबाईंच्या दातांत शिरला. रंगराव कोसळला. दुसरा घाव नडगीवर बसला आणि विजारीतून हाडाचं टोक बाहेर आलं. रक्त फरशीवरून यंत्राच्या पायांपर्यंत गेलं. नलिनीबाई मध्ये पडल्या, त्यांना ढकलून वस्ताद ओरडले, "त्योबी असाच बोलत हुता! असाच!" आणि तिसरा घाव त्याच नडगीवर पूर्ण ताकदीने घातला.

त्या घावाला सोटा हातातून निसटला. वस्तादांचं कोपर जागच्या जागी आखडलं होतं. पांढऱ्याफटक चेहऱ्याने ते खाली बसले. शिपाई दारात थिजला होता. नलिनीबाईंनी किंचाळून त्याला पोलिसांकडे पिटाळलं आणि ओढणीने रंगरावाची मांडी आवळायला घेतली.

वस्ताद ओरडत होते, "बाई, मरतोय मी! सुई घाला, काय बी करा, पण माझा हात आधी बघा!"

रंगरावाने घामेजला चेहरा फरशीवरून उचलला.

"बघा, बाई," तो म्हणाला. "त्यांचाच आधी बघा. सुई घाला म्हणत्यात."