सोललेली निलगिरी

माझ्या दातांच्या दवाखान्याचं मागचं दार उघडलं आणि मी किंचाळलेच. अंगणातली माझी निलगिरी कुणीतरी सोलून काढली होती! खाली सालीचे ढलपे, वर ओलसर, फिकट हिरवं, उघडंवाघडं खोड... आणि समोर शेजारच्या दुकानातला फोटोफ्रेमवाला, हातात पटाशी घेऊन!

"काय केलंत हे?"

"मी? मी तर आत्ताच आलोय..."

"मग ही पटाशी?"

"रोजच असते, डॉक्टर. कुणाचा दात पडला की मी तुम्हाला धरतो का?"

मला हसू आलं नाही. ही ऑस्ट्रेलियातली निलगिरी मी वीतभर रोपापासून वाढवली होती. पाणी साचू नये म्हणून मातीत वाळू मिसळली, ऊन मिळावं म्हणून आईचा मोगरा हलवला. सगळं कशासाठी, तर रोपवाटिकेतल्या चित्रात दिसलेल्या त्या गुळगुळीत, ठिपकेदार खोडासाठी!

मी तडक मामाला फोन लावला. दवाखाना काय, शेजारचं दुकान काय, जागा त्याचीच. "मामा, या फ्रेमवाल्याला आजच्या आज बाहेर काढ!"

फ्रेमवाल्याचा चेहरा उतरला. तो खोडाला तळहात लावून एवढंच म्हणाला, "गार लागतंय. जिवंत आहे हो..."

तेवढ्यात — चर्रर्र!

आमच्या डोळ्यांदेखत सालीची एक लांब पट्टी आपोआप सुटली आणि माझ्या पायाशी पडली. आत दुधाळ खोड, त्यावर राखाडी ठिपके. अगदी चित्रातल्यासारखे!

"अहो, ही तर... कात टाकतेय!" तो पुटपुटला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन अजून कानालाच होता. "मामा, चुकलं माझं. काढू नकोस त्यांना."

"अगं, मी कशाला काढू? तोच जागा सोडतोय. कालच सांगून गेला."

फोन ठेवून मी कसंबसं विचारलं, "तुम्ही... जाताय?"

"मोठ्या रस्त्यावर दुकान मिळतंय."

"आणि इथे काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही. थांबावंसं वाटायचं एका माणसामुळे... पण ते माणूस रोज सकाळी येऊन फक्त झाडाशी बोलायचं."

मी थिजले. इतके दिवस हा ऐकत होता?

"झाड... उलट उत्तर देत नाही ना," मी कशीबशी म्हणाले. "तुमच्याशी बोलायची भीती वाटायची."

आता थिजायची पाळी त्याची होती. त्याने खिशातून फोन काढला, माझ्यावरची नजर न हलवता नंबर लावला.

"हॅलो, ते दुकान दुसऱ्या कुणाला द्या... नाही हो, तक्रार कसली? माणसं फार चांगली आहेत इथली. जरा ओरडतात, एवढंच!"