शाफ्टवरचा पट्टा

पिकअपच्या वेगाचा काटा चाळिशीपुढे गेला आणि शेखरच्या बुडाखालची सीट थरथरू लागली. गुप्तहेर मृण्मयी मारणेने गिअर न्यूट्रलला टाकला. इंजिन मंदावलं, थरथर मात्र हटेना.

"चाकं असणार," शेखर म्हणाला. मृण्मयीचा मदतनीस असला, तरी त्याची अक्कल नेहमी वरातीमागून यायची.

"चाकं कालच बदलून पाहिली."

पिकअप भरे गावातल्या भातगिरणीच्या अंगणात परतली. ड्रायव्हर अन्वर मान खाली घालून उभा होता. त्यानेच मृण्मयीला बोलावलं होतं, कारण गिरणीमालक नरहरींनी त्याच्या घरी जाऊन, बायकोसमोर त्याला खोटारडा म्हटलं होतं आणि कामावरून काढलं होतं.

"गाडी ह्यानंच कुटंतरी आपटली," नरहरी गरजले, "आन् वर कबूल करत न्हाई!"

"मी मेव्हणीच्या लग्नाला गेलतो मालक. आलो तर ही अशी."

"आणि तेव्हा गाडी शेडमध्येच होती," नरहरींचा पुतण्या ऋषिकेश मोबाईलमधून डोकं वर काढत म्हणाला. तो हिंजवडीला नोकरीला होता. "चावी देव्हाऱ्यात होती."

मृण्मयी गाडीखाली सरपटत गेली. बाहेर आली तेव्हा तिचं बोट लालभडक होतं.

"शाफ्टवर पट्टा कोण ओढतं?"

"मीच," नरहरी म्हणाले. "दरसाल खंडेनवमीला, गाडीच्या पूजेत."

"शेंदूर तेलात मी कालवून देतो," अन्वर पुटपुटला.

"तुम्ही असता पूजेला?" तिने ऋषिकेशला विचारलं.

"छे! खंडेनवमीला सुट्टी कुठली? कधीच नसतो."

मृण्मयीने बोट पुसलं.

"न्यूट्रलमध्येही थरथर, म्हणजे दोष इंजिनात नाही. चाकांतही नाही. उरला शाफ्ट, गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत फिरणारा दांडा. त्याचे दोन तुकडे असतात आणि दोन्ही टोकांचे कान, म्हणजे सांधा धरणारे फाटे, एका रेषेत लागतात. इथे एक उभा, एक आडवा आहे. कुणीतरी शाफ्ट काढून चुकीचा बसवलाय."

"पण मग दोन्ही तुकड्यांवरून ओढलेला पूजेचा पट्टा तुटायला हवा," शेखर म्हणाला.

"तुटलाच आहे. खाचांत उरलेला केशरी शेंदूर सांध्याच्या अलीकडे वर आहे, पलीकडे बाजूला. बाकीचा पुसून कुणीतरी नवा पट्टा सरळ ओढलाय. कुंकवाचा! पूजेची खूण मोडली म्हणून तो घाबरला, पण ती कशाची असते हेच त्याला ठाऊक नव्हतं. अन्वरभाई ही चूक कशी करतील?"

ऋषिकेशचा चेहरा पांढराफटक पडला.

"ताम्हिणी घाटात बंद पडली, काका. मित्रांसोबत गेलो होतो. क्रेनवाल्याने ओढून आणताना गिअरबॉक्स खराब होऊ नये म्हणून शाफ्ट काढला, आम्ही घाईत बसवला. मला वाटलं, कळणार नाही."

"आन् ह्याची भाकरी जाताना गप ऱ्हायलास?" नरहरींचा आवाज फाटला. शरमेने त्यांना मान वर करवेना. "अन्वर, उद्यापासनं ये बाबा."

"येतो की. पन आज तुमी माझ्या घरी चला." अन्वरचे डोळे भरून आले होते. "बायकोपुढं, साजिदापुढं सांगा, मी खोटं बोलत न्हवतो."

नरहरींनी पायात चपला सरकवल्या आणि ते त्याच्या मागोमाग चालू लागले.