एका अंगठ्याच्या अंतरावर

चष्म्यावर मी स्वतःच बसले. कडकन आवाज आला आणि जग विरघळलं.

रस्त्यात उभं राहून, मोबाइल नाकाला लावून, जवळचं चष्म्याचं दुकान शोधलं. सापडलं. त्याची वेबसाइटही होती... पण काय वेबसाइट! अक्षरं मुंगीएवढी. ओळीचा शेवट वाचायला पान सरकवलं की सुरुवात गायब. फोन नंबर होता, पण फोटोत रंगवलेला. त्यावर कितीही बोट आपटा, फोन लागत नाही. ‘वेळ ठरवा’ दाबायला गेले, तर अंगठा शेजारच्या ‘तक्रार नोंदवा’वर पडला.

बरं झालं. तक्रार होतीच.

लोकांना विचारत विचारत दुकानात पोचले. काउंटरमागे एक उंच, धूसर आकृती उभी होती.

“तुमची वेबसाइट वाचायला चष्मा लागतो,” मी म्हटलं, “आणि चष्मा हवा तर तुमची वेबसाइट वाचावी लागते. हा धंदा आहे की सूड?”

आकृती हसली. आवाज छान होता. चेहऱ्याचा अजून पत्ता नव्हता.

“तुम्ही काय करता?”

“वेबसाइट बनवते.”

“मग बसा. आधी मी तुमचे डोळे बघतो, नंतर तुम्ही माझी वेबसाइट बघा.”

आतून कुणीतरी मोठ्यानं खोकलं.

“बाबा आहेत,” आकृती म्हणाली. “खोकला नाहीये त्यांना.”

[ वेळ ठरवा ]

अंधारी खोली. नाकावर जड चौकट. समोरच्या भिंतीवर उजळलेली अक्षरं. तो एकेक भिंग सरकवायचा — खट् — आणि विचारायचा,

“हे बरं, की हे?”

खट्.

“हे बरं... की हे?”

आणि कुठल्यातरी भिंगातून तो अचानक स्पष्ट झाला. अगदी हातभर अंतरावर. डाव्या भुवईत एक जुनी खोक. ओठ किंचित उघडे, उत्तराची वाट बघणारे.

“हे,” मी म्हटलं.

भिंतीकडे मी बघतच नव्हते.

(एवढं लक्षात असू द्या.)

[ अजून वाचा ]

काम मी माझ्या पद्धतीनं करते. घरातला सगळ्यात जुना फोन घ्यायचा. एका हातात पिशवी, दुसऱ्यात फोन. उभ्यानं, एकाच अंगठ्यानं जे जमेल तेवढंच खरं. त्याच्या बाबांचा तडा गेलेला फोन मी मागून घेतला आणि पिशवीत दुकानातल्या रिकाम्या डब्या भरून फेऱ्या मारू लागले.

“पोरी, गिऱ्हाईक असं येत नसतं,” बाबा म्हणाले.

“असंच येतं, बाबा. म्हणून तर तुमच्याकडे येत नाहीये.”

 

बाबा चहा सांगायला बाहेर गेले, तेव्हा तो हळूच म्हणाला, “मला दुसऱ्या शहरातून बोलावणं आहे. मोठं दुकान, पगारी नोकरी. महिनाअखेर कळवायचंय. बाबांना अजून सांगितलं नाही.”

“आणि हे दुकान?”

त्यानं काउंटरवरच्या फोनकडे बोट दाखवलं. “तो वाजला असता तर प्रश्नच नव्हता.”

मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. “मोठ्या पडद्यावर सगळं शेजारीशेजारी मावतं. मोबाइलवर एकाखाली एक. म्हणजे ठरवावं लागतं — आधी काय, नंतर काय, आणि कशाला जागाच नाही.” जरा थांबून विचारलं, “तुमच्याकडे सगळ्यात वर काय ठेवायचं?”

तो एकच काच पुसत राहिला. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

“ते...” तो म्हणाला, “अजून लोड होतंय.”

[ मागे जा ]

नवा चष्मा लावून मी नवी वेबसाइट तयार केली. मोठ्या उत्साहानं बाबांच्या फोनवर दाखवली.

“अगं, ही वेबसाइट आहे की दुकानावरची पाटी?” बाबा म्हणाले. “एकेक अक्षर भोपळ्याएवढं!”

“मला तर बरोबर दिसतंय.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा माझ्या नाकावरून अलगद काढला, यंत्राखाली धरला, माझ्या तपासणीचा कागद शोधून ताडून बघितला. परत माझ्याकडे बघितलं.

“काच कागदाप्रमाणेच आहे,” तो हळू म्हणाला. “म्हणजे तपासण्यातच चूक झाली. माझ्याकडून... असं होत नाही कधी.”

“होतं हो एखाद्या वेळी.”

“नाही होत.” तो हसला, पण ते हसू नव्हतं. बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज उतरवला. “गिऱ्हाईक गेलंच होतं. आता हातही गेला असेल, तर दुकान तरी कशाला अडवून ठेवायचं? उद्या या, परत तपासतो. आणि परवा... नोकरीला हो म्हणून कळवून टाकतो त्यांना.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. एकच वाक्य होतं. पण समोर बाबा, दारात कुरिअरवाला, आणि माझी जीभ... तिचंही काहीतरी लोड होत होतं.

त्या संध्याकाळी घरातला ओरखडे पडलेला जुना चष्मा शोधला. अक्षरं माणसांत आणली. दुकानाचा अवाढव्य फोटो हलका केला. नंबर फोटोतून बाहेर काढला. आणि सगळ्यात वर, अंगठा सहज पोचेल असं, एकच मोठं बटण ठेवलं. वेबसाइट सुरू करून दिली.

दुसऱ्या दिवशी डोळे तपासायला मात्र गेले नाही.

[ फोन करा ]

‘परवा’ उजाडला. मी दुकानासमोरच्या फुटपाथवर उभी होते. एका हातात पिशवी, एका हातात फोन. बटण दाबलं.

बिझी.

पुन्हा दाबलं. बिझी.

काचेतून दिसत होतं — त्याच्या कान आणि खांद्याच्या मध्ये रिसीव्हर, हातात पेन, आणि बाबा शेजारी उभे राहून काहीतरी खुणावताहेत. माझ्याच बटणानं मला रांगेत उभं केलं होतं. इतका गोड बिझी टोन मी आयुष्यात ऐकला नव्हता. इतका छळणाराही.

तिसऱ्यांदा लागला.

“नमस्कार, बोला.”

“डोळे तपासायचेत,” मी म्हटलं. “मागच्या वेळी उत्तरं चुकीची दिली. हात तुमचा नाही चुकला. मी अक्षरं बघतच नव्हते.”

त्यानं पेन खाली ठेवलं. मग, अगदी हळू —

“मग काय बघत होतात?”

माझ्या श्वासानं चष्म्याच्या काचा धुरकटल्या.

“लोड होतंय का?” त्यानं विचारलं.

“झालंय,” मी म्हटलं. “तुम्हाला.”

त्यानं मान वर केली. रस्त्यापलीकडची मी त्याला दिसले.

“सगळ्यात वर काय ठेवायचं, विचारलं होतंस ना?” तो म्हणाला. “आधी तू आत ये. त्याच्याखाली — नोकरीला नाही म्हणून कळवायचं. त्याच्याखाली बाकीचं सगळं.”

मी पाऊल उचललं, तोच फोनमधून मोठा खोकला ऐकू आला.

“तिला आत यायचं तर येऊ दे,” बाबा म्हणत होते, “पण फोन ठेव आधी! गिऱ्हाईक ताटकळलंय!”