चौपन्न ग्रॅम कॅन

टेबलावर चार चेपलेले कॅन होते. दोन लिंबाच्या सोड्याचे, एक संत्र्याच्या सरबताचा, आणि एक इतका घासलेला, की आत काय होतं ते पिणाऱ्यालाच ठाऊक. वजन चौपन्न ग्रॅम. आणि खिडकीत दोन कोपरं, एक हनुवटी, एक हसू.

"आत्याचा गुडघा दुखावलाय," हनुवटी म्हणाली. "आजपासून तिच्या भंगार गोळा करायच्या केंद्राचा टेम्पो मी आणणार. चालेल ना?"

"मला कॅनशी मतलब," ती म्हणाली, आणि उगाचच लाल झाली.

रिकामे कॅन वितळवणाऱ्या त्या कारखान्यात तिचं काम सरळ होतं. आलेल्या मालातून चार कॅन घ्यायचे, तोलायचे, ओव्हनमध्ये वाळवायचे, पुन्हा तोलायचे. घटलं ते पाणी. अर्ध्या टक्क्याच्या वर ओलावा असला, तर माल परत. वितळलेल्या धातूत पाणी गेलं की तो उसळतो, आणि भट्टीपाशी माणसं उभी असतात.

त्या दिवशी ओलावा भरला शून्य पूर्णांक सहा. माल परत.

पुढच्या खेपेला तो आला, तेव्हा पुन्हा तेच.

"अहो मॅडम, एकेक कॅन उलटा करून उन्हात ठेवला होता! शेजारी म्हणाले, आता पावडर पण लाव."

"मग पाणी येतं कुठून?"

"सायन्स तुमचं, तुम्हीच सांगा."

ती हसली. मग, हसले कशाला, म्हणून स्वतःवरच चिडली.

तो मात्र जाताना हसला नाही. "तिसऱ्यांदा परत गेला, तर केंद्राचं नाव यादीतून कटतं ना? आत्याचं दुसरं काही नाहीये हो."

मधल्या एका खेपेला तो आला नाही, शेजाऱ्याने टेम्पो आणला. ओलावा शून्य पूर्णांक चार. माल आत.

"तो आला की ओलं, नसला की कोरडं," नोंदी ठेवणाऱ्या काकू चष्म्यावरून म्हणाल्या. "पोरगा आहे की ढग?"

तिला काही कळेना. वजन वाढवायला पाणी शिंपडत असेल का? गोड बोलून पाणी विकणारे काही कमी नसतात. पण मग ते डोळे... डोळ्यांचं काय, डोळे काही पुरावा नाहीत. मग रोज संध्याकाळी घरी जाताना तिला तेच का आठवत होते?

तिसऱ्या वेळी तो खिडकीत आला, तेव्हा ती ओव्हनमधून ट्रे काढत होती.

"आज तरी पास करा, नाहीतर आत्या मलाच दोरीवर वाळत घालेल."

तिला हसू फुटलं. हसतच तिने ट्रे काट्यावर ठेवला. त्रेपन्न पूर्णांक अडुसष्ट. एकोणसत्तर... सत्तर...

आकडा चढत होता!

नुसता ठेवलेला कॅन जड कसा होईल? ती बघतच राहिली. मग तिची नजर डावीकडच्या, झाकणाच्या काचेच्या भांड्याकडे गेली. रिकामं. बाकी सगळ्यांचे ट्रे ती आधी त्यात गार करायची. गरम ट्रेमुळे भोवतालची हवा तापून वर चढते, ट्रेला किंचित उचलते, वजन कमी दिसतं. पहिल्या वर्षाचा धडा! आणि ती तो विसरली होती फक्त ही कोपरं खिडकीत असताना. तिन्ही वेळा.

हा ट्रे गुपचूप गार करता आला असता. पण मागचे दोन ठपके आत्याच्याच नावावर राहिले असते.

"ऐका," ती म्हणाली. "मागचे दोन्ही निकाल चुकले. चूक माझी. मी ट्रे गरमच तोलला."

"गरम? का?"

"घाई झाली."

"कसली?"

"तुम्ही... उभे होता."

"मग मी काय बसायला हवं होतं?"

"नाही! म्हणजे — हो. म्हणजे, तुम्ही समोर असलात की मला पुढचं सुचत नाही. झालं समाधान?"

हनुवटी कोपरांवरून उचलली गेली.

"मला वाटलं, तुम्हाला माझा राग येतो," तो म्हणाला. "आज येताना आत्याच्या केंद्राची काळजी करायला हवी होती. पण मी आपला विचार करतोय... माल परत गेला, तर ही खिडकी परत दिसायची नाही."

काकूंनी पेन उघडलं. "दोन्ही निकाल रद्द. कारण काय लिहू?"

"ट्रे गरम होता."

"एवढंच?"

"एवढंच लिहा ना, काकू!"

"गार व्हायला किती वेळ?" त्याने विचारलं. "मी लांब जाऊन थांबतो. तुम्हाला सुचायला हवं."

"अर्धा तास," ती म्हणाली. मग भांड्याचं झाकण नीट बसवत, त्याच्याकडे न बघता, "आत येऊन बसलात तरी चालेल."

तो स्टुलावर बसला. काकू पिशवी उचलून घरी गेल्या, आवारातले दिवे लागले, आणि ट्रे कधीचा गार होऊन गेला होता. दोघांपैकी कुणाला तरी आठवण झाली, तेव्हा तिने तो काट्यावर ठेवला. या वेळी आकडा हलला नाही.

ओलावा शून्य पूर्णांक चार टक्के.