४३१ च्या वेगात मारलेली हाक

ही गोष्ट खरी आहे.

जिच्याबाबत ती घडली, तिच्या नवऱ्यानं, शाओनं, ती सांगितली; तो शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो. म्हणजे खोटं रचण्याइतकी कल्पनाशक्ती त्याच्याकडे नाही. आजही सांगायला बसला की तो आधी आकडे सांगतो.

तारीख २० डिसेंबर २०१६. मंगळवार. दुपारचे साडेतीन. शांघायच्या पुदोंग विमानतळावरून शहरात येणारी मॅग्लेव्ह, चुंबकांवर तरंगत धावणारी गाडी. अंतर तीस किलोमीटर. वेळ सात मिनिटं वीस सेकंद.

भुतांना जी वेळ सोयीची म्हणतात, तसलं त्यात काहीच नव्हतं. बाहेर ऊन होतं. डब्यात सुटकेसवाले होते. एक पोरगी नूडल्स खात होती.

शाओच्या बायकोच्या, पेईफेनच्या मांडीवर लाल कापडात बांधलेली पेटी होती.

पेटीत तिचे बाबा होते. म्हणजे त्यांच्या अस्थी.

बाबांना तरुणपणी सरकारनं शांघायहून देशाच्या पार पश्चिम टोकाला, शिनच्यांगला पाठवलं होतं. दोन वर्षांसाठी, असं सांगून. ती दोन वर्षं एक्कावन्न वर्षं चालली. मुलीला परत यायची परवानगी मिळाली, ती शांघायला आत्याकडे वाढली. बाबांना नाही मिळाली. शेवटच्या आठवड्यात ते एवढंच म्हणत होते, "मला घरी न्या."

दुसऱ्या दिवशी हिवाळ्यातला सर्वात लहान दिवस. अस्थी पुरायचा दिवस. आईवडिलांच्या शेजारी बाबांची जागा तयार होती.

विमानात बसण्याआधी आत्याचा फोन आला होता.

"पोरी, लक्षात ठेव. पूल आला की हाक मारायची. 'बाबा, पूल आला, माझ्या मागं या.' बोगदा आला, सांगायचं. वळण आलं, सांगायचं. नाहीतर गेलेलं माणूस वाटेतच राहतं. आणि जावईबापूंना सांग, तेवढा वेळ तोंड मिटून ठेवा."

शिनच्यांगमधल्या उरुमची विमानतळाकडे जाताना टॅक्सीत पेईफेननं प्रत्येक पुलावर हाक मारली. टॅक्सीवाला पुलावर गाडी हळू करायचा. त्यानंही कधीतरी कुणाला तरी नेलं असणार.

पेटीचं झाकण जरा सैल होतं. धक्का बसला की वाजायचं. टिक... टिक...

"बाबा बोलतायत," पेईफेन म्हणायची.

"स्क्रू ढिला आहे," शाओ म्हणायचा.

मॅग्लेव्हमध्ये बसल्यावर तिनं विचारलं, "यात पूल कुठं कुठं येतात रे?"

"अगं, अख्खा रस्ताच खांबांवर आहे. तीस किलोमीटरचा एकच पूल. सुटताना एकदा सांग, झालं."

"एकदा पुरेल?"

"तुझे बाबा बहिरे नव्हते."

मग शाओला राहवलं नाही. "गंमत सांगू? ही गाडी आत्ता एक सेंटीमीटर हवेत आहे. चाकंच नाहीत."

"ज्याचे पाय जमिनीला लागत नाहीत, त्याला काय म्हणतात ठाऊक आहे ना?"

"भूत. पण भूत वेळापत्रकाप्रमाणे सुटत नाही."

ती हसली. तोवर गाडी सुटली होती.

आणि हाक मारायची राहून गेली.

दारावरचा, ताशी किलोमीटरचा आकडा पळत होता. २००... ३००... ४३१. डबा बारीक थरथरत होता. पेटी वाजत होती. टिक... टिक... टिक...

निम्म्या वाटेवर पेईफेनला आठवलं.

"शाओ! मी सांगितलंच नाही!"

तिनं पेटी छातीशी धरली, डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाली, "बाबा, पूल आला, माझ्या..."

धाड्!

समोरून येणारी मॅग्लेव्ह शेजारून गेली. डबा कलला. अर्ध्या सेकंदात काचेबाहेर पुन्हा ऊन.

"...मागं या," पेईफेननं वाक्य पुरं केलं.

शाओ हसणार होता. हसला नाही.

काहीतरी कमी झालं होतं. काय, ते कळायला त्याला थोडा वेळ लागला.

गाडी तशीच थरथरत होती.

पेटी वाजत नव्हती.

आणि मागच्या सीटवरून एक म्हातारी बाई म्हणाली...

"आले हं."

शाओनं वळून पाहिलं.

मागची सीट रिकामी होती.

*

संध्याकाळी आत्याकडे पितरांचं ताट मांडलं. तीन खुर्च्या, दोन आजी-आजोबांच्या, एक बाबांची. भात, मासा, डुकराचं लाल मटण. बाबा डावखुरे. आत्यानं त्यांच्या जेवणाच्या काड्या वाडग्याच्या डावीकडे ठेवल्या. पितर जेवत असताना त्यांच्या खुर्चीला धक्काही लावायचा नसतो, म्हणून तिघं बाहेर गेले आणि अंगणात कागदी नोटा जाळत बसले.

आत कुणीच नव्हतं.

पण आवाज येत होता. टप... टप... टप...

जमिनीला पाय न पोचणारं कुणीतरी खुर्चीत बसून टाचा आपटत असावं, तसा.

बाबा चांगले उंच होते.

आत गेले तेव्हा काड्या उजवीकडे होत्या. नीट, जोडून.

आत्यानं काड्यांकडे पाहिलं.

"पोरी, त्या गाडीत हाक कधी मारलीस?"

"दुसरी गाडी शेजारून जात होती... तेव्हाच."

आत्या बाबांच्या खुर्चीपासून लांब सरकली. "या दिवसांत अर्धा देश आपापली माणसं घरी नेत असतो गं. त्या गाडीतही कुणीतरी कुणालातरी नेत असणार. विमानतळाकडे. तुझी हाक त्या गाडीत गेली. तिकडची बाई इकडं आली."

"आणि बाबा?"

आत्यानं विमानतळाच्या दिशेला हात केला.

एक्कावन्न वर्षं वाट बघून घर साडेतीन मिनिटांवर आलं होतं. तिथून बाबा मागं फिरले होते.

शाओनं घसा साफ केला. "आत्या, दोन्ही गाड्यांचा मिळून वेग आठशे बासष्ट. एवढ्या वेगात हाक..."

"जावईबापू, सुटताना पोरीला बोलण्यात कुणी गुंतवलं?"

त्या प्रश्नाला त्याच्याकडे आकडा नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी अस्थी पुरल्या नाहीत. "तुझ्या बापाच्या जागेत परक्या बाईला कशी झोपवू?" आत्या म्हणाली. "तिलाही तिचं घर असेल. जा, विमानतळावर जाऊन त्याला घेऊन ये. आणि गाडीत कुणी हाक मारली तरी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. ओ देणारा हाकेमागं जातो."

साडेतीनची गाडी. या वेळी उलटी, शहराकडून विमानतळाकडे.

पेईफेन खिडकीशी. मांडीवर पेटी. मुकी.

शाओ घड्याळाकडे बघत होता. गाड्या कुठल्या सेकंदाला भेटणार, ते त्यानं काढून ठेवलं होतं. त्याला भीती वाटत नव्हती. फक्त तो आकडा पुन्हा पुन्हा तपासत होता.

३००... ४००... ४३१.

तीन मिनिटं अडतीस.

एकोणचाळीस.

धाड्!

आणि त्या अर्ध्या सेकंदात, काचेपलीकडून, अगदी शांत आवाजात, घाई नसलेल्या माणसाचा असावा तसा...

"फेनफेन!"

ते नाव फक्त बाबा घ्यायचे. शाओनंही ते ऐकलं. शपथेवर ऐकलं.

पेईफेनचा चेहरा सहा वर्षांच्या मुलीसारखा उजळला.

"आले बाबा!"

शाओनं तिच्या तोंडावर हात दाबला.

उशीर झाला होता.

ती काचेकडे बघत राहिली. श्वास चालू होता. हात गरम होता. एका मिनिटानं तिनं त्याचा हात हळूच बाजूला केला आणि म्हणाली, "काही नाही. चला."

बावीस वर्षांच्या संसारात ती त्याला 'चल' म्हणत आली होती, 'चला' कधीच नाही.

विमानतळावरून परत येताना पेटी पुन्हा वाजत होती. टिक... टिक... आत्याकडे पुन्हा ताट मांडलं, काड्या डावीकडच्या डावीकडेच राहिल्या. बाबा आले होते. आत्या रडली, हसली, तिनं जावयाला चक्क दोनदा मटण वाढलं. चार दिवसांनी अस्थी पुरल्या.

सगळं नीट झालं.

पेईफेनही नीट आहे. स्वयंपाक करते. कामावर जाते. डॉक्टरांनी तीनदा तपासलं, औषध म्हणून जीवनसत्त्वं दिली.

फक्त ती फार सभ्य झाली आहे. खुर्चीत बसण्याआधी विचारते, बसू का? फ्रिज उघडण्याआधी विचारते. आपला टॉवेल घडी करून पिशवीत ठेवते. रोज. पिशवी दाराशी असते.

आत्याला सांगितलं तेव्हा आत्यानं पहिल्यांदाच जावयाचा हात हातात घेतला. उपाय मात्र सांगितला नाही.

शाळा लवकर सुटते त्या दिवशी शाओ साडेतीनची मॅग्लेव्ह पकडतो. जातो, येतो. आता गाडी तीनशेनंच पळते, दोन्ही मिळून सहाशे. समोरची गाडी येते तेव्हा तो काचेला कान लावतो. बायकोचं नाव अगदी ओठांवर असतं. तो ते उच्चारत नाही.

हाकेला कोण 'आले' म्हणेल, ते आता त्याला सांगता येत नाही.

गेल्या रविवारी जेवण झाल्यावर तिनं भांडी पुसून जागेवर ठेवली. मग हात पदराला पुसावेत तसे स्वेटरला पुसून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. काहीतरी विचारायचं होतं, संकोच वाटत होता.

"तुम्ही फार चांगले आहात हो," ती म्हणाली. "पण... मला न्यायला कुणी येणार आहे का?"